कात ठेवतोय म्हणावं

"ती उशी टेबलावर ठेवू नका," मी म्हटलं. "इथे जनावरं तपासतात, बिछाने नाही."

"उशी नाही मॅडम," तो म्हणाला. "नुसता अभ्रा आहे. पेशंट आत आहे."

आणि अभ्रा हलला.

मी किंचाळले नाही. हे मी आजही ठासून सांगते, कारण तो माणूस पुढे सगळ्यांना सांगत फिरला की मॅडम किंचाळून खुर्चीवर चढल्या. खुर्चीवर मी चढले होते ते वरच्या फळीवरची फाईल काढायला. आता ती फाईल नेमकी त्याच क्षणी लागली, त्याला मी काय करणार?

१९९९ चा डिसेंबर होता. नाशिकची थंडी ज्याने सोसलीय त्याला सांगायला नको. ओठ फुटतात, टाचा फुटतात, व्हॅसलीनची डबी पर्समधून हलत नाही. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि गंगापूर रोडवर डॉक्टर सबनिसांच्या जनावरांच्या दवाखान्यात केस पेपर लिहायला बसत होते. घर पंचवटीत. माझे वडील, आप्पा, यात्रेकरूंचे पूजाविधी करणारे. उपाध्यायांच्या मुलीने कुत्र्यामांजरांची नावं लिहीत बसावं हे त्यांना काही फार रुचलं नव्हतं. पण "लग्न ठरेपर्यंत घरात आमचं डोकं खाण्यापेक्षा बरं," म्हणून त्यांनी होकार दिला होता.

मी खुर्चीवरून खाली उतरले, पदराला... छे, ओढणीला हात पुसले आणि पेन उघडलं.

"नाव?"

"दत्तू."

"पेशंटचं विचारलं."

"चकली."

मी वर पाहिलं. चेहरा अगदी गंभीर, पण डोळे... डोळे हसत होते. चेहऱ्याला न सांगता डोळे एकटेच हसू शकतात, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्याने अभ्र्याची गाठ सोडली. आत चॉकलेटी रंगाचा, पिवळट ठिपक्यांचा साप गोल गोल गुंडाळी करून, डोकं मधोमध लपवून बसला होता. हुबेहूब चकली.

"बॉल पायथन म्हणतात हिला," दत्तू म्हणाला. "आफ्रिकेतला छोटा अजगर. विषबिष काय नाय. घाबरली की अशी गोळा होते."

"आत्ता कशाला घाबरलीय?"

"तुम्ही किंचाळलात ना."

"मी किंचाळले नाही!"

"बरं, नाय किंचाळलात," तो शांतपणे म्हणाला. मला इतका राग आला की मी त्याचा पत्ता दोनदा लिहिला.

तो मूळचा कळवणचा, सातपूरच्या एका कारखान्यात कामाला. तिथले एक साहेब नोकरी बदलून परदेशी गेले. जाताना त्यांनी फ्रीज एकाला दिला, स्कूटर दुसऱ्याला दिली आणि चकली याच्या गळ्यात मारली.

"तुमच्याच का?" मी विचारलं.

"कळवणचा ना मी! साहेबांना वाटलं, डोंगराकडची माणसं सापांबरोबरच पाळण्यात झोपतात. मॅडम, मला पाल दिसली तरी घाम फुटतो. पहिल्या दिवशी पेटीकडे पाठ करून जेवलो मी."

"मग परत का नाही दिलीत?"

तो जरा घुटमळला. "तिला तरी दुसरं कोण होतं..."

इथेच माझा राग उतरायला लागला. तसा तो उतरायला नको होता.

डॉक्टर सबनिसांचा हात गाई-म्हशींवर बसलेला. आपला देशी अजगर असता तर त्यांनी थेट वनखात्याला कळवलं असतं. हा परदेशी पाहुणा पाहून त्यांनी पुण्यातल्या साप पाळणाऱ्या मित्राला फोन लावला. मी शेजारी कान देऊन उभी. चकलीच्या अंगावर जुनी कात तुकड्यातुकड्यांनी चिकटून बसली होती, उकडलेला बटाटा अर्धवट सोलून ठेवावा तशी. डोळ्यांवर पांढुरकी झापडं. सापाच्या डोळ्यांवरही कात असते आणि ती बाकीच्या कातीबरोबरच निघायला हवी, हे मला त्या दिवशी कळलं. तिचं कातडं चिमटीत धरलं तर सुरकुती तशीच उभी राहायची.

"पाणी कमी पडतंय हिला," डॉक्टर म्हणाले. "अंगातही आणि हवेतही. ठेवता कशात?"

"काचेच्या पेटीत. थंडी म्हणून वर शंभरचा बल्ब लावलाय. सारखा चालूच असतो."

"म्हणजे तुम्ही चकली तळताय," मी म्हटलं.

तो हसला. या वेळी चेहऱ्यासकट.

कोमट पाण्याचा टब आला. "यशश्री, तू जरा धर," असं म्हणून डॉक्टर सावकाश मागे सरकले. आयुष्यात पहिल्यांदा मी साप हातात घेतला. गिळगिळीत नाही, गार नाही... सुकलेल्या पानासारखी खरखर आणि आत सावकाश सरकणारा जीव. खालून दत्तूने हात धरला होता. पाण्यात कुणाचा हात कुठे संपतो हे चकलीलाच ठाऊक.

एक पापुद्रा सुटून वर आला तशी त्याने नखाने तो ओढायला घेतला. मी त्याच्या हातावर फटका मारला.

"ओढायचं नाही!"

"निघतंय की..."

"निघत असलं तरी नाही. भिजवायचं आणि थांबायचं. तिची वेळ झाली की तीच सोडते. ओढलं की खालचं कोवळं कातडं फाटतं. डोळ्यावरचं ओढलं तर डोळाच जायचा!"

"एवढं सगळं माहीतच आहे तुम्हाला?"

"आत्ताच फोनवर ऐकलं."

तो पुन्हा हसला आणि पाठ केल्यासारखं पुटपुटला, "ओढायचं नाही. भिजवायचं, थांबायचं." हा माणूस एवढं पक्कं पाठ करणार हे कळलं असतं, तर मी तेव्हाच जीभ चावली असती.

मग कामावरून सुटला की दत्तू अभ्रा घेऊन दवाखान्यात येऊ लागला. बल्ब गेला, पेटीत ओलं फडकं घातलेला डबा आला, बसून डुंबता येईल एवढं पाण्याचं भांडं आलं. तरी चकलीच्या सुरकुत्या काही जाईनात. शेवटी डॉक्टरांनी मला सातपूरला त्याच्या खोलीवर पेटी बघायला पाठवलं. मी लुना काढली. दत्तू त्या दिवशी लवकर सुटून नुकताच पोचला होता. घरमालकीण कलाबाई दारातच उभ्या. मी पेटीत वाकून बघते तो काय, भांड्यात पांढरंशुभ्र दूध!

"हे कुणी ठेवलं?"

"मीच की," कलाबाई अभिमानाने म्हणाल्या. "हा येडा रोज नुसतं पाणी ठेवून कामावर जातो. घरात नागोबा आलाय, त्याला पाण्यावर ठेवायचं? पाप लागंल! मी रोज पाणी वतून देते आन् दूध ठेवते. हा यायच्या आत भांडं धुऊन रिकामं ठेवते, म्हंजे ह्याला वाटतं नागोबानंच पाणी संपवलं, उगा वाद नको."

दत्तूने कपाळावर हात मारला. बिचारी चकली भरल्या भांड्याशेजारी तहानलेली! मी कलाबाईंना समजावलं की साप दूध पचवू शकत नाही, त्याला पाणीच लागतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दत्तूला विचारलं, "सापाचीच डाक्टरीण का रे ही? का तुझी पण?"

त्याचे कान लाल झाले. माझे झाले की नाही ते मला दिसत नव्हतं.

तेव्हापासून आम्ही एकमेकांना अरे-तुरे करू लागलो. दवाखान्यासमोरच्या टपरीवर चहा होऊ लागला. घरी मी इतकी हरवलेली असायचे की एकदा जेवताना तोंडून निघून गेलं, "काही केल्या कात निघत नाहीये."

आप्पा पान लावत होते. आमच्या घरात कात म्हणजे एकच, पानाला लावतात तो. चुना, कात, सुपारी यांच्याशिवाय आप्पांचं पान हलत नसे. पंचवटीतल्याच मालेगाव स्टँडवरचा त्यांचा ठरलेला पानवाला चांगला कात आला की फोन करायचा. ते मान वर न करता म्हणाले, "लिंबू चोळ. डाग जाईल."

हे दत्तूला सांगितलं तर तो टपरीवर चहा सांडेपर्यंत हसला. पुढे चकलीला पाण्यात सोडलं की म्हणायचा, "लिंबू चोळू का?" आणि मी त्याला पाणी मारायचे. ती पहिली कात शेवटी निघाली, पण चिंध्या चिंध्या होऊन. डोळ्यांवरची झापडं तर कितीतरी दिवसांनी सुटली. "पुढची अख्खी काढू," दत्तू म्हणाला. त्या "काढू"मध्ये मी पण होते, हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी उगाच त्याच्याशी भांडले.

फेब्रुवारीत चकलीचे डोळे पुन्हा निळसर धुरकट झाले. पुढच्या कातीची ती खूण. त्याच आठवड्यात दत्तूला बडोद्याच्या नव्या कारखान्यात घेतल्याचं पत्र आलं. रविवारी संध्याकाळच्या बसने निघायचं होतं.

"यशू..." टपरीवर तो म्हणाला. कप तसाच हातात. "मी एकटा जाऊ का?"

"चकली आहे की."

"चेष्टा नाय. मी तुमच्या घरी येऊन बोलतो. आप्पांनी हाकललं तर हाकललं. पण तुझा होकार असल्याशिवाय पायरी नाय चढणार."

मला हो म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं! पण डोळ्यांसमोर आप्पा आले, आई आली, कळवणचं नाव काढल्यावर आमच्या नातेवाइकांची वाकडी होणारी तोंडं आली. मग जीभ जी नेहमी करते तेच तिने केलं. थट्टा केली.

"चकलीला कौल लावू," मी म्हटलं. "कात अख्खी निघाली, डोळ्यांसकट, तर मला घरी फोन कर. मी येते, कात घेते आणि हो म्हणते. फाटली तर... फोन करू नकोस."

"आणि फाटली तरी तुला यायचं असलं तर?"

"फाटणार नाही रे. भिजवतोयस ना नीट?"

त्याच्या खोलीवर फोन नव्हता. तो कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून करायचा. शनिवारपर्यंत मी फोनच्या आसपास घुटमळत राहिले. रविवारी सकाळी आईने मला येवल्याला ओढलं. मावसबहिणीच्या लग्नासाठी पैठणी घ्यायची होती. मी नाना कारणं सांगितली. पोट दुखतं म्हटलं, डोकं दुखतं म्हटलं. आई म्हणाली, "एसटीत बसलीस की सगळं बरं वाटेल."

येवल्यात विणकराने एक जांभळी पैठणी उलगडली, मोराच्या पदराची. मी तिच्यावर हात फिरवत राहिले. "आई, ही मला?"

"आधी मुलगा तर ठरू दे!"

ठरलाय गं, असं अगदी ओठांवर आलं होतं. संध्याकाळी फोन आला की सांगू म्हटलं.

दिवेलागणीला घरी पोचलो तर आप्पा फुरंगटून बसलेले. तोंडात पान नाही. म्हणजे काहीतरी भयंकरच!

"माझा कुणाचा फोन आला होता, आप्पा?"

"तुझा कुठला? एक त्या लबाड पानवाल्याचा तेवढा. या वयात मला मालेगाव स्टँडपर्यंत पळवलं आणि वर म्हणतो, मी फोन केलाच नाही! चांगला तासून आलोय त्याला. आता त्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही."

आई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले असेन. मग फोनजवळ जाऊन बसले. बडोद्याची बस सुटायची वेळ टळून गेली.

म्हणजे कात फाटली. मीच घातलेली अट, माझ्याच गळ्यात पडली. सातपूरला जावं असं कितीदा वाटलं, पण कुणाकडे जायचं होतं? आणि फाटल्यावर फोन करू नकोस, हे तर मीच सांगितलं होतं. एक मन म्हणायचं, फाटली तरी त्याने करायला हवा होता. रात्री उशीत तोंड खुपसून मी चकलीवर रागावायचे. बिचारीचा काय दोष!

पुढे माझं लग्न झालं. नवरा नाशिकचाच, बँकेत. चांगला आहे. हे सांगायलाच हवं, कारण तो खरोखर चांगला आहे. मी दवाखाना मात्र सोडला नाही. डॉक्टर थकले, त्यांची सून पेशंट बघू लागली, मी त्याच टेबलाशी राहिले.

२००८ च्या जानेवारीत त्या टेबलावर एक अभ्रा येऊन पडला.

"उशी नाही मॅडम," आवाज म्हणाला.

माझ्या हातातलं पेन थांबलं. केस विरळ झाले होते, पोट जरा सुटलं होतं. डोळे तेच. बोट धरून एक चिमुरडी उभी होती. तिने मला निरखून पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "बाबा, ह्याच का त्या खुर्चीवर चढलेल्या मॅडम?"

"मी फाईल काढत होते!" मी म्हटलं.

तो नुकताच बदलून नाशिकला आला होता. बायकोचं नाव सविता. "तीही आता चकलीला हातात घेते," असं त्याने कौतुकाने सांगितलं. बडोद्यात चकलीची कात छान निघायची. नाशिकच्या कोरड्या थंडीत पुन्हा अडकली. चिमुरडी आतल्या खोलीत मांजरीची पिल्लं बघायला पळाली. टब आला. कोमट पाणी आलं. आता मी पाण्यात हात घातला नाही, कडेला उभी राहिले.

मग माझ्याने राहवेना.

"तेव्हा... फाटलीच ना रे?"

"काय?"

"कात. तेव्हाची."

त्याने माझ्याकडे अशी मान वळवली की मला प्रश्न परत घ्यावासा वाटला.

"अख्खी निघाली होती, यशू. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीपर्यंत. डोळ्यांसकट. मी फोन नाय का केला?"

"कधी?"

"रविवारी दुपारी. आप्पांनी उचलला. माझी बोबडी वळली. म्हटलं, कात ठेवतोय म्हणावं, संध्याकाळपर्यंत येऊन घेऊन जा. तर ते एकदम खुशीत म्हणाले, 'वा वा! येतोच!' आणि मी घाबरून फोन ठेवला. मला वाटलं, तू घरी सगळं सांगितलंस. आप्पा स्वतः तुला घेऊन येतायत. मी खोली झाडली, इस्त्रीचा शर्ट घातला, कलाबाईंना चहाची साखर आणायला पिटाळलं..."

तो बोलत होता आणि मला मालेगाव स्टँडवर स्कूटर लावून पानवाल्याशी हुज्जत घालणारे आप्पा दिसत होते. कात ठेवतोय! आमच्या घरात कुणी कात ठेवतोय म्हटलं, तर कुणाला दुसरं काय सुचणार? एवढ्याशा शब्दाने गिऱ्हाईक खूश होऊन पानवाल्याकडे गेलं आणि मी फोनपाशी बसून राहिले.

मी त्याला सांगितलं. सांगताना हसू आलं. त्यालाही आलं. "लिंबू चोळायला हवं होतं," तो म्हणाला आणि मग आम्हा दोघांचंही हसू एकदमच संपलं.

"दुसऱ्यांदा फोन का नाही केलास?" माझा आवाज चढला. "घरी का नाही आलास? एकदा येऊन विचारायला काय झालं होतं तुला?"

"तूच म्हणाली होतीस ना," तो चकलीकडे बघत म्हणाला. "ओढायचं नाही. भिजवायचं आणि थांबायचं. मी थांबलो. शेवटी बस सुटायला लागली..."

"मूर्खा, ते सापाचं होतं!"

"मला सगळ्याचंच वाटलं."

माझे डोळे भरून आले. लपवले नाहीत. कुणापासून लपवायचे होते?

"आली असतीस तर काय म्हणाली असतीस?" त्याने अगदी हळू विचारलं.

"त्या दिवशी मी येवल्यात माझ्या लग्नाची साडी निवडून बसले होते, दत्तू. जांभळी."

त्याने मान हलवली. पाण्यात चकलीने अंग सैल सोडलं, एक पापुद्रा सुटून वर तरंगला. त्याला आम्ही दोघांनीही हात लावला नाही. आतून चिमुरडी ओरडत आली, "बाबा, एक पिल्लू शिंकलं!" आणि तो डोळे पुसून, हसून, तिचा बाबा झाला.

थोड्या दिवसांनी, रविवारी मी माहेरी होते. आप्पांचे दात गेलेत, पान आता छोट्या खलात कुटून लागतं. ते मीच कुटत बसले होते. मोबाइल वाजला.

"निघाली," दत्तू म्हणाला. "अख्खी. डोळ्यांसकट."

"हो?"

"हो..." आणि जरा थांबून, "कात ठेवतोय तुझ्यासाठी."

'घेऊन जा' तो म्हणाला नाही. मीही येते म्हटलं नाही. पलीकडे त्याची लेक कसलंसं गाणं म्हणत होती.

"लेकीला दे," मी म्हटलं. "शाळेत दाखवेल."

"बरं."

"आणि पाणी रोज बदलत जा."

"बदलतो. दूध नाय ठेवत."

फोन बंद झाला. आप्पांनी कानाशी हात नेला. "कुणाचा गं?"

"पानवाल्याचा, आप्पा. कात आलाय म्हणतो."

"कोण, तो मालेगाव स्टँडवरचा?" आप्पा ताठ बसले. "अजून खोड गेली नाही त्याची! तेव्हाही असंच गोड बोलून बोलावलं आणि मग कानावर हात ठेवले. तू जाऊ नकोस हं पोरी. तिथे काही नसतं."

"नाही जात, आप्पा," मी म्हटलं, आणि त्यांच्या पानाला कात लावला.